रविवारी वसंताची माळ माझ्या हातात

रविवार, ८ जानेवारी १९५६

हे गेले त्या सकाळी मी रोजचंच सगळं केलं होतं. गोठा झाडला, शेण काढलं, नदीवरून पाण्याच्या दोन खेपा आणल्या, भाकऱ्या थापायला बसले. हे आत पडून होते. कुळवाची फास, लोखंडी पातं, पायाला लागून आठवडा झाला होता, पाय मांडीपर्यंत सुजला होता. शेवटची भाकरी तव्यावर होती तेव्हा धाकट्या दिरांनी, नामाभाऊजींनी, आतून हाक मारली. भाकरी तव्यावरच राहिली. बारा वर्षं झाली, तो करपलेला वास गेला नाही.

आज आठवलं, कारण खडकी बाजारात इराण्यानं माझ्या वसंतापुढं पाव भाजून ठेवला. कड काळी झालेली.

वसंताला पिंपरीच्या औषध कारखान्यातून जर्मनीला पाठवायचं घाटतंय. दीड वर्ष, पेनिसिलीनचं काम शिकायला. आधी गेलेला एक जण नुसत्या चहापावावर राहिला आणि आजारी होऊन परत आला. म्हणून आता कागदावर विचारतात, सगळं खाता का. वसंतानं "हो" लिहून दिलं. आमचं घर माळकरी. अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. पुढच्या महिन्यात जर्मन साहेबाच्या बंगल्यावर त्याला जेवायला बोलावतील, तिथं कळेलच. तोवर दर रविवारी हॉटेलात जाऊन शिकायचं.

सुशीला म्हणाली, "आत्याबाई, आपण दोघीही जाऊ. हे एकटे गेले तर चहा पिऊन येतील आणि सांगतील, खाल्लं म्हणून." सून आहे पण नवऱ्याला बरोबर ओळखते.

मी हॉटेलची पायरी कधी चढले नव्हते. आज चढले. दारातच व.चा हात गळ्यापाशी गेला. माळ घालून अंडं कसं खायचं? काढली. पण ठेवायची कुठं? खिशात नको, टेबलावर नको. तसाच उभा. मी हात पुढं केला. म्हटलं, "दे. माझ्या हातात आहे तोवर ती उतरली असं धरायचं नाही." हे मला कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही. त्याला एवढं बरं वाटलं!

ऑम्लेटचा एक घास खाल्ला. दुसऱ्याला उठून बाहेर पळाला. राहिलेलं सुशीलानं संपवलं. तिचं माहेर मालवणकडचं, लग्नात सगळं सोडलं होतं. "वाया कशाला घालवायचं?" म्हणाली. तोंड पुसताना हसत होती. रागवावं की काय, कळेना.

मंगळवार, १० जाने.

व.च्या शाळेच्या जुन्या भूगोलात जर्मनी काढून बघितलं. ह्याच पुस्तकावर मी वाचायला शिकले. तो संध्याकाळी धडे म्हणायचा, मी चुलीपासून अक्षरं बघायची. नकाशात जर्मनी माझ्या अंगठ्याएवढी. तिथं आत्ता बर्फ असेल.

रविवार, १५ जाने.

आज लांब गेलो नाही. इथल्याच पिंपरी कॅम्पात, सिंधी बाईच्या हॉटेलात. फाळणीत आलेली माणसं. त्यांचं गाव आता दुसऱ्या देशात. व. म्हणाला, हेही परदेशीच झालं.

मटणाचा रस्सा मागवला. बाई गरम कोकी घेऊन आली, जाड कांद्याची पोळी. व.नं चार कोक्या खाल्ल्या आणि रस्सा तसाच. सुशीला: "जर्मनीत कोक्या करून घालणारी ठेवलीय का कुणी?" तो: "तूच चल." तिनं रश्शाची वाटी त्याच्याकडं सरकवली.

बाईनं माझी मूठ बघितली. "माई, तू काय खात नाय? हातात काय हाय?" उघडून दाखवली. तिनं कानाला हात लावला आणि मला पाण्याचा पेला स्वतः घासून आणून दिला.

रश्शाचे दोन घोट त्यानं शेवटी औषधासारखे घेतले. पोटात राहिले. घरी आल्यावर माळ परत घातली, देवापुढं बसला. किती वेळ बसला होता!

रविवार, २२ जाने.

हॉटेल नाही. नामाभाऊजी चाकणला कांदा घालून इकडं आले. त्यांच्या कानावर गेलंय.

"वैनी, कावळा शिवंना तवा तुमी काय बोलला हुता, ध्यानात हाय का?"

"आहे."

"मग?"

"मग काय."

"मला काय न्हाई. ज्याला सांगितलं त्याला सांगा."

चहा न घेता गेले. असे कधी जात नाहीत.

भामा नदीच्या काठी ह्यांचं दहावं. पिंड ठेवलेला. कावळे झाडावर बसलेले, एक खाली येईना. भाऊजी म्हणाले, पोराला अंतर देणार नाही. आला नाही. सासूबाई म्हणाल्या, बैल विकू देणार नाही. आला नाही. उन्हं डोक्यावर आली. माणसं चुळबुळ करायला लागली. व. अकरा वर्षांचा, ओल्या धोतरात कुडकुडत उभा. त्याची माळ ह्यांनी स्वतः त्याच्या गळ्यात घातली होती. मी पदर तोंडापुढं धरून म्हणाले, वसंताची माळ उतरू देणार नाही. लगेच कावळा खाली आला.

सगळ्यांनी बघितलं. व.नंही.

गुरुवार, २६ जाने.

कारखान्याला सुट्टी. व.ला विचारलं, तेव्हा हे औषध असतं तर? मी आजवर विचारलं नव्हतं. तो बूट पुसत होता. वर न बघता म्हणाला, "तेव्हा ते फक्त लष्कराला मिळायचं, आई."

"आणि आज?"

"आज काही सुया दिल्या की माणूस परत शेतात."

मग पुन्हा बूट. मी धुणं घेऊन नळावर गेले.

रविवार, ५ फेब्रु.

पुण्याला लष्कर भागात, चिनी माणसाचं हॉटेल. भिंतीवर कागदी कंदील, मालक आपल्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो. व. म्हणाला, आज नको, आज बिनमांसाचं, मला दम खाऊ दे. सुशीला उठून सांगून आली.

तिखटमिठाच्या शेवया आल्या. खीर करायची सोडून शेवयांची भाजी! त्यात पांढरे लांबट तुकडे. व. म्हणाला, "अळंबी आहे." काट्याला शेवया गुंडाळायला शिकला. पहिल्यांदा त्याला हॉटेलात हसताना बघितलं. ताट साफ केलं. सुशीलानं टेबलाखाली माझा अंगठा दाबला तेव्हा मला समजलं.

बस थांब्यावर तो पाणी प्यायला गेला. मी तिला म्हटलं, "काय होतं ते?"

"कोंबडी. मीच सांगितलं त्यांना."

"त्याला न सांगता?"

"सांगून पोटात राहिली असती का?"

"तुला तो जायला हवाय?"

"मला नकोय, आत्याबाई." मग म्हणाली, "पण गेले नाहीत तर जन्मभर माझ्याकडं बघून काय म्हणतील?"

माझ्याकडं बघून काय म्हणेल, ते ती बोलली नाही.

व. आला. "हे जमलं बरं का, आई!" मी माळ त्याच्या हातात दिली. घामानं ओली झाली होती. माझ्याच हातात असताना हे झालं.

बुधवार, ८ फेब्रु.

सांगायचं ठरवलं. तो कामावरून आला, म्हणाला आज काय मस्त भूक लागलीय. राहिलं.

सुशीलाला सकाळपासून उलट्या. शेजारच्या काकू माझ्याकडं बघून हसल्या. म्हणजे मूल होईल तेव्हा तो तिकडं असेल.

शुक्रवार, १७ फेब्रु.

साहेबाकडचं जेवण उद्या संध्याकाळी.

व. आज लवकर आला. सुशीला झोपली होती. तो माझ्यासमोर भाजी निवडायला बसला. कधी बसत नाही. मेथीच्या काड्या पानांत आणि पानं काड्यांत टाकत होता.

"आई, उद्या साहेबाकडं तू नसशील."

"नसणारच."

"माळ कुणाजवळ द्यायची?"

मी मेथीची पुढची जुडी सोडली.

"तू एकदा नको म्हण," तो म्हणाला. "तू नको म्हणालीस तर मी राहतो. कुणाला काही सांगावं लागणार नाही. आईनं नको म्हटलं, संपलं."

नको म्हणायला तोंड उघडलं तर तो सुजलेला पाय दिसतो. जा म्हणायला गेले तर भामेचा काठ. कोंबडीचंही ओठावर आलं. ते ऐकून तो म्हणेल, झालंच आहे तर झालं. किंवा माळ मुठीत धरून बसेल आणि जन्मात मला माफ करणार नाही. माझ्या पोटचा आहे, पण काय करेल ते मला सांगता येत नाही.

"पानं इकडं टाक," एवढंच म्हणाले.

त्यानं निवडलेली सगळी मेथी पुन्हा निवडली. तो शेवटपर्यंत समोर बसून होता. वाट बघत होता.

शनिवार, १८ फेब्रु.

व. कामावर गेल्यावर मी कॅम्पात सिंधी बाईकडं गेले. दोन अंडी मागून घेतली आणि उकडायला किती वेळ लागतो ते विचारलं. पदराखाली धरून घरी आणली. तो दुपारी जेवायला येतो. चुलीवर पाणी ठेवलं.