खिळे काढलेल्या खिडक्या

सोमवार, २ मार्च

आलो एकदाचे! आईने खोलीत शिरताच भिंतीवर हात फिरवला, ओल नाही याची खात्री केली आणि मगच हसली. पहिल्या मजल्यावरची ही खोली नोकरीसोबतच मिळाली. इमारत सात मजली, मागच्या अंगाला लोखंडी जिना. आग लागली तर खिडकीतून त्यावर उतरायचं. जिना खरवडून रंगवायचा, खिडक्यांच्या चौकटी आणि बिजागऱ्या दुरुस्त करायच्या, हे माझं काम. व्यवस्थापक म्हणाले, तीन महिने घ्या. मी म्हटलं, दोन पुरेत. आईने मागून शर्ट ओढला.

बुधवार, ४ मार्च

तारेचा ब्रश मारला की गंजाखाली अजून चांगलं लोखंड लागतं. फक्त चौथ्या मजल्यावर जिन्यात खाली उघडणारी एक लोखंडी झडप आहे, ती जाम होती. म्हणजे वरून आलेला माणूस तिथेच अडकणार. ग्रीस, हातोडा, शिव्या, सगळं लागलं, पण सुटली. आता वरपासून खालपर्यंत वाट मोकळी.

एक मात्र चमत्कारिक. पाचव्या आणि सहाव्या मजल्यावरच्या जिन्याकडच्या सगळ्या खिडक्या आतून खिळे ठोकून बंद. व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. तपासणी आली तर धडगत नाही, सगळे उपटा म्हणाले.

शनिवार, ७ मार्च

उपटले. कुणी खुशीने दार उघडलं नाही. सहाव्या मजल्यावरच्या मास्तरांनी चहा दिला, पण खिळ्याला पक्कड लावताच माझं मनगट धरलं. दुपारी तीनला कुणी काच वाजवली तर उघडायचं नाही, एवढंच म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. पाचव्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई तर रडल्याच.

मंगळवार, १० मार्च

मास्तर गेले. खिडकी उघडी, ते खुर्चीत. डॉक्टर म्हणतात, धुराने गुदमरले. घरात साधी काडीही पेटलेली नव्हती. चौकटीवर बाहेरून काजळीची बोटं उमटली होती. मी पुसून टाकली. का पुसली, कोण जाणे.

बुधवार, ११ मार्च

शिवणाच्या बाईंनी आज सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी भर दुपारी सातवा मजला पेटला. माणसं जिन्याने खाली आली आणि जाम झडपेपाशी अडकली. परत वर जाऊन त्यांनी पाचव्या-सहाव्या मजल्यांच्या काचा वाजवल्या. धूर आत येईल म्हणून कुणी उघडलं नाही; सगळी जिन्यावरच गुदमरून गेली. एकीच्या कडेवर बाळ होतं. बाई म्हणाल्या, मी पडदा ओढून घेतला. तेव्हापासून ती माणसं तीनला येतात आणि झडपेवरून परत फिरतात.

झडप मी सोडवली आहे, हे त्यांना सांगवलं नाही.

गुरुवार, १२ मार्च

बाई गेल्या. खिडकी उघडी, पडदा बाजूला सारलेला.

पाचवा-सहावा मजला सामान बांधून निघाला. मी झडप लावायला गेलो. तीनला पाच कमी. लोखंड तापलेलं, डाव्या तळहाताची सालं निघाली. वरून पावलं आली. बरीच. अनवाणी. पळालो.

शुक्रवार, १३ मार्च

चौथ्यावरचं जोडपं. दोघंही.

व्यवस्थापक फोन उचलत नाहीत. आईला ताप आहे. तिला काहीच सांगितलेलं नाही. उद्या इथून निघायचं, एवढंच म्हटलं.

शनिवार, १४ मार्च

वर कुणी राहिलेलं नाही, उरलेली बिऱ्हाडंही रात्रीच निघून गेली. टॅक्सी अडीचला येणार होती. अजून नाही. आई उन्हात उभी राहू शकत नाही. आमच्या जिन्याकडच्या खिडकीला सात खिळे ठोकलेत, पण भाजलेल्या हाताने धड बसले नाहीत.

तीन वाजले.

काच वाजते आहे. हळू, बोटांच्या पेरांनी. आई विचारते, बाहेर बाळ कुणाचं रडतंय. मला रडणं ऐकू येत नाही. फक्त काच.

घाईघाईने सगळं सांगून टाकलं तिला. बाईंनी पडदा ओढला, तेही. चुकलंच. ती अंथरुणातून उठली. म्हणाली, "आणि आता आपणही ओढायचा?"

पक्कड घेतली तिने. मी तिला धरायला हवं. उठवत नाही — कारण आता मलाही ऐकू येतंय — किती बारीक आवाज —

सहा खिळे निघाले. धुराचा वास —

आई, थांब, तो शेवटचा नको, आ —