रिफंडाच्या व्याजाची बर्फी

दुर्गेश,

सकाळी तू बाबा गेल्यावर आलेला त्यांचा हा शेवटचा रिफंड माह्या रिटर्नमध्ये अख्खाच उत्पन्न म्हणून भरून राहिला होता. ते काढ. त्यांच्याच पगारातून जास्तीचं कापलेलं घरी परत आलं, त्यावर टॅक्स काहून? फक्त व्याज दाखव.

दर रिफंडाले बाबा खापरखेड्याहून ड्युटी करून येताना संत्रा बर्फी आणायचे. "मूळ तर आपलंच होतं वं प्रेमलता, ही व्याजाची," म्हणायचे. आज तुह्या कागदावर व्याज पाहिलं, तर त्यात पावभर बर्फीही येत नाही. म्हणजे दरवर्षी वरचे पैसे खिशातून टाकत होते, अन् मले कधी बोलले नाहीत.

भाजी झाकून ठेवली. मी बर्फी आणाले चालली. यंदा वरचे मी टाकीन.

आई