बाटलीत रेघ नव्हती

मी, खाली सही करणारा, वय एकोणसत्तर, धंदा इंधनाच्या टाक्या, नळ्या आणि गाळण्या दुरुस्त करण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कोणी लिहायला लावलेले नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दिला आहे. मन ठिकाणावर आहे का, हे त्यांनी विचारले नाही. चार वर्षे झाली, मला फारसे काही वाटत नाही. दुःख होते असेही म्हणवत नाही. दात काढण्याआधी सुई टोचतात तेव्हा गाल असतो एवढेच कळते, तसे आहे.

आधीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे. त्यात सगळे मुलीच्या नावे होते.

१. राहते घर, पुढच्या-मागच्या दोन्ही खोल्यांसह, माझ्या नातीला द्यावे. ती आज अकरा वर्षांची आहे. ती सज्ञान होईपर्यंत घराची देखभाल तिच्या आईने, म्हणजे माझ्या एकुलत्या एक मुलीने करावी. मागच्या खोलीतले कपाट हलवू नये. त्याच्यामागची भिंत ओली आहे आणि कपाटाने माझी अब्रू झाकली आहे.

२. बँकेत जे काही असेल तेही नातीलाच.

३. माझ्या मुलीला मी काहीही देत नाही. चमचासुद्धा नाही. हे वाचून तिचे डोके फिरेल. कारण कलम सहामध्ये लिहिले आहे. मधले गाळून तिने एकदम तिकडे उडी मारू नये. गाळण्याचे काम माझे.

४. गावाबाहेरच्या गवती धावपट्टीच्या टोकाला शेड आहे. तिथे हौशी माणसे सुट्टीच्या दिवशी आपापली छोटी विमाने स्वतः बांधतात. कोणी दंतवैद्य, कोणी शिंपी. पंख जोडायला सगळ्यांना आवडते, पेट्रोलच्या नळीत डोके घालायला कोणालाच नाही. ते काम मी बावीस वर्षे केले. कोणी नवा रंग दाखवायला बोलावले की मी आधी गाळणी उघडत असे, म्हणून तिथे मला गाळणीकाका म्हणतात. शेडमधली माझी सगळी हत्यारे वेल्डरला द्यावीत. तो स्वतःसाठी एका माणसापुरते विमान नऊ वर्षे बांधतो आहे आणि त्या एका माणसाचे, म्हणजे त्याचेच, पोट दरवर्षी वाढते आहे. माझा मोजमापाचा पाना त्याने 'उद्या देतो' म्हणून नेला, त्याला सात वर्षे झाली. त्या पान्याची रिकामी पेटीही आता त्यालाच द्यावी. पाना एकटा पडला असेल.

हत्यारांबरोबर त्याने पुढच्या गोष्टीही घ्याव्यात. रबरी नळी बाहेरून चांगली दिसली तरी पाच वर्षांनी बदलायची. ती आतून सोलते आणि तिचे साल गाळणीत येऊन बसते. जोडाला टेप गुंडाळायची नाही, तिचा धागा पेट्रोलबरोबर आत जातो. टाकीला हवा देणाऱ्या नळीत कुंभारीण माशी घर करते, म्हणून दर आठवड्याला त्यात फुंकर मारून बघायची. टाकीच्या झाकणाचे रबरी कडे कडक झाले की त्याच दिवशी बदलायचे. 'अजून महिनाभर निघेल' असे म्हणायचे नाही. मी म्हणालो होतो. नवे कडे माझ्या खणात पडून होते.

५. आता जावयाबद्दल. ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मी त्यांना मास्तर म्हणत असे. आम्ही दोघांनी सहा वर्षे खपून दोन माणसांचे विमान बांधले. त्यांचा हात हलका होता. पत्र्याला भोक पाडतानासुद्धा ते आधी पेन्सिलीने खूण करून तिच्याकडे जरा वेळ बघायचे. घाई हा शब्द त्यांच्या गावीही नव्हता. मला ते फार आवडत असत. हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

आमचा एक नियम होता. उड्डाणाआधी टाकीच्या तळाची तोटी सोडून काचेच्या बाटलीत नमुना काढायचा. पाणी जड, ते खाली बसते. बाटलीत मधोमध रेघ दिसली तर खाली पाणी आणि वर पेट्रोल. रेघ नसली तर सगळे पेट्रोल, किंवा सगळे पाणी. विमानाच्या पेट्रोलला निळा रंग दिलेला असतो; आम्ही गाडीचे साधे पेट्रोल वापरत असू, त्यामुळे रंगावरून काही कळत नसे. म्हणून एकाने नमुना काढायचा आणि दोघांनी हुंगायचा. तसे झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचे नाही.

चार वर्षांपूर्वीच्या तापात माझे नाक गेले. वास म्हणून काही येईना. डॉक्टर म्हणाले, "परत येईलच असं नाही. घरी सांगा, गॅसपाशी जपायला हवं." मी म्हणालो, "नाक गेलंय, कापलं तर नाही ना? मग कशाला गावभर करायचं?" ते हसले. मी कोणालाच सांगितले नाही. ज्याचे पोट नाकावर चालते त्याने ते गेल्याचे सांगितले, तर त्याला शेडमध्ये कोण उभे करील?

त्या रविवारच्या आधी दोन दिवस पाऊस झाला होता आणि विमान उघड्यावर होते. सकाळी मी नमुना काढला. बाटली उजेडात धरली. रेघ नव्हती. नाकाशी नेली, जशी बावीस वर्षे नेत होतो.

"बाबा, वास घेतला?" मास्तरांनी विचारले.

"घेतला. स्वच्छ आहे."

त्यांनी बाटलीसाठी हात पुढे केला. नियमच होता. मी म्हणालो, "का हो, सासऱ्यावर विश्वास नाही वाटतं?"

मास्तर ओशाळले. "तसं नाही हो बाबा," म्हणाले आणि हात मागे घेतला. दुसरा कोणी असता तर त्याने बाटली हिसकावून घेतली असती. जावयाला ते जमले नाही. मी झाकण लावून बाटली खिशात टाकली. मास्तर एकटेच विमानात बसले. नळीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन सुरू झाले, विमान उडाले, झाडांवर गेले आणि तिथे आवाज बंद पडला.

मास्तर वाचले नाहीत. टाकी फुटून तिच्यातले सगळे मातीत मुरले होते, त्यामुळे चौकशीवाल्यांना तपासायला काही मिळाले नाही. नमुन्याची बाटली नेहमी विमानाच्या दारातल्या कप्प्यात असायची. ती तिथे नव्हती. त्यावरून त्यांनी लिहिले: 'वैमानिकाने घाईत नमुना तपासला नसावा.' त्या वेळी मी समोर खुर्चीवर बसलो होतो आणि बाटली माझ्या कोटात होती.

६. मुलीने ते खरे धरले. "चार मिनिटं वाचवायला गेले," असे ती म्हणते. नातीच्या हातून दूध सांडले की म्हणते, "बापासारखी घाई करू नकोस." पोर मान खाली घालून फरशी पुसते. हे मी त्यांच्याच टेबलावर बसून चार वर्षे ऐकतो आहे आणि जेवतो आहे.

बाटली माझ्याकडे आहे. झाकण त्या दिवसानंतर उघडलेले नाही. आत काय आहे, हे मला खात्रीने ठाऊक नाही. त्यात पाण्याचा एक थेंब टाकला असता तरी कळले असते. थेंब खाली बसला तर पेट्रोल, विरला तर पाणी. पोराटोरांनाही जमेल असे काम आहे. माझ्याने झाले नाही.

वकीलबाईंनी सांगितले, की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार होऊ नये. म्हणून मुलीला मी काही दिलेले नाही. ती माझी साक्षीदार आहे. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, पण माझ्या साक्षीदाराने तो माझ्यासमोर, मी जिवंत असताना, पहिल्या ओळीपासून वाचावा. आधी वाटले होते, मेल्यावर कळू दे. ती पळवाट झाली असती. वाचून झाल्यावर तिने टेबलावरची बाटली उघडून हुंगावी. तिचे नाक चांगले आहे.

७. शेडच्या फळ्यावर लावलेला चौकशीचा कागद काढावा आणि त्याजागी कलम पाचची नक्कल लावावी. मी मरायची वाट पाहू नये.

हे सर्व मी समजून-उमजून लिहिले आहे. माफी मागत नाही. मागण्यासाठी आत काहीतरी हलावे लागते. हलले तर तोंडाने मागीन.

सही: (मृत्युपत्र करणार)

स्थळ: माझ्या घरातली पुढची खोली
तारीख: अकरा, बुधवार, दुपार

साक्षीदार पहिला: नाक-कान-घशाचा डॉक्टर. यांना वास येत नाही हे मला ठाऊक होते. विमानाचे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. सही.

साक्षीदार दुसरी: मुलगी. सगळं वाचलं. बाटली उघडली. वास नाही. पाणी आहे. बाबांनी विचारलं, "काय आहे?" मी सांगितलं. ते 'बरं' म्हणाले आणि तेव्हापासून बाटलीचं झाकण लावायला बघताहेत, त्यांना आटे सापडत नाहीत. मी मदत केलेली नाही. पोरीची शाळा सुटायला वीस मिनिटं आहेत. फाटकापाशी जाऊन थांबते. तिच्या वडिलांनी बाटली मागितली होती, हे तिला घरी येईपर्यंत सांगून झालं पाहिजे. सही.