सर्फिंग शिकताना

अक्का, तुझ्या शीतलचा कोकणातून नमस्कार.

मी बरी आहे, जेवण बराबर मिळतं. माय गोळ्या वेळेवर घेती का?

फळीवर उभं राहून लाटेवरून यायचं शिकून राह्यले. जमलं तर इथंच शिकवायची नोकरी आहे. पण रोज पडते, नाकातोंडात खारं पाणी जातं. काल रडूच आलं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणल्या, "घरी जायचंय का?"

मी न्हाई म्हणलं. केदारखेड्याला आले की अण्णा मला बघून गेलेल्या त्या पाहुण्यांना होकार देतील. मंग परत पाण्यात गेले. एका लाटेवर जराशी उभी राह्यले आन् पडले.

अण्णांना सांग, नोकरी पक्की झाली. अजून झाली न्हाई, पण तू सांग.

तुझीच,
शीतल