पिंपाची तोटी

बापू, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या फोटोकडे पाहून बोलायचंही मी सोडून दिलं होतं. आज बोलतोय, कारण मला भीती वाटते आहे आणि ती घरात दाखवायची नाही, असं तुमच्या सुनेनं बजावलं आहे. दुपार आहे. ती आत निजली आहे. पांघरूण सारखं करायच्या निमित्ताने मी मघाशी तिच्या कपाळाला हात लावून आलो. ताप नाही. थोड्या वेळाने पुन्हा जाईन.

तिचं हे दुखणं तुम्ही पाहिलं नाहीत. तिच्या किडन्या गेल्या, बहिणीने आपली एक दिली, ऑपरेशन नीट झालं. पण शरीराने ती परकी म्हणून झिडकारू नये, यासाठी तिला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्याच गोळ्यांनी आजाराशी झगडायची ताकद कमी होते. जे आपल्याला नुसत्या पोटदुखीवर निभावतं, ते तिच्या जिवावर बेतू शकतं. दवाखान्यातल्या सिस्टरने मला समोर बसवून सांगितलं होतं, की कच्च्या मटणाचा हात दुसऱ्या कशाला लागता कामा नये, सुरी वेगळी, पाट वेगळा, भांडं वेगळं. मी मनात म्हटलं, हे मला काय सांगता, मी बापूंच्या हाताखाली शिकलोय.

डोंगरकडा गावचं आपलं परसू अजून तसंच दिसतं. तीन दगडांची चूल, पळसाच्या पानांत बांधून आणलेला मटणाचा वाटा. आई माळकरी, म्हणून मटणाचं पातेलं, विळी, पळी सगळं गोठ्यात. चिरून झालं की तुम्ही दोन्ही हात पुढे धरून उकिडवे बसता, आणि आई तोंड फिरवून वरून तांब्याने पाणी ओतते. तांब्याला तुमचा हात लागत नाही, रांजणाला तर नाहीच. जंतूबिंतू तुम्हाला ठाऊक नव्हते, तुम्ही आईला भीत होतात. एकदा मी मटणाच्या हाताने रांजणात तांब्या बुडवला. वाटलं, आता पाठ सोलून निघते. तुम्ही एवढंच म्हणालात, "हात वर धर. आता कशालाच लावू नको." मग भरला रांजण उपसून सगळं पाणी परसात ओतलंत आणि स्वतः घागर घेऊन विहिरीवर गेलात. मार बसला असता तर मी विसरलो असतो.

या रविवारी कितीतरी महिन्यांनी तिच्या तोंडाला चव आली. "तुमच्या हातचा रस्सा खावा वाटून राहिलाय," म्हणाली. चांगलं शिजवलेलं चालेल, असं डॉक्टरांचं म्हणणं होतंच. कळमनुरीच्या बाजारातून मटण आणलं. कोथिंबीर आधीच चिरून झाकून ठेवली, मग वेगळ्या पाटावर, वेगळ्या सुरीने मटण बारीक केलं. नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. तिच्यासाठी उकळून गार केलेलं पाणी ओट्यावर स्टीलच्या पिंपात असतं. हात धुवायला याहून चांगलं पाणी कुठलं, असं म्हणून मी तोटी सोडली, साबणाने हात चोळचोळून धुतले आणि तोटी बंद केली. तेवढ्यात ती आली. तीच तोटी फिरवून तिने पेला भरला, आणि त्याच बोटांनी गोळी जिभेवर ठेवली.

गोळी गिळून झाल्यावर मला कळलं. तोटी सोडताना माझा हात मटणाचा होता. ओतायला आई नव्हती, बापू, आणि ती नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

पिंप उचलून मोरीत पालथं केलं, तोटी घासत बसलो. तुमच्यासारखंच सगळं पाणी ओतून दिलं, पण तिच्या पोटात गेलेलं कसं ओतून देणार? सिस्टरला फोन केला. काही होईलच असं नाही, म्हणाल्या, पण काही दिवस ताप आणि जुलाबावर नजर ठेवा, जरा काही वाटलं तर थांबू नका. ते काही दिवस अजून सरलेले नाहीत.

"पिंप काहून घासून राहिले?" तिने दारातून विचारलं. शेवाळ धरलं होतं, असं मी सांगितलं. ती म्हणाली, "खोटं बोलता येत न्हाई तुमाला." मग सगळं सांगावं लागलं. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. म्हणाली, "सांगितलं ते बरं केलं. पण आता सारखं माझ्याकडं असं बघू नका. माझंबी काळीज हलतं." मी मटण फेकायला निघालो, तर तिने अडवलं. "शिजवा. खायचंच हाये मला."

मी मटणाला हळद-मीठ चोळलं. हात धुवायला वळलो, तर ती बादलीतून तांब्या भरून उभी होती. "हात पुढं करा," म्हणाली. आई तोंड फिरवायची. ही माझ्याकडेच बघत होती. निम्मं पाणी माझ्या पायांवर पडत होतं. तांब्या संपला की पुन्हा भरायची. माझे हात केव्हाच स्वच्छ झाले होते, बापू. तरी मी ते पुढेच धरून ठेवले.