तापलेलं बॉनेट

ईट, रविवार. वैशाख, दुष्काळाचं दुसरं वर्ष.

हिची कंबर आज बरी, सुनेचा खोकला उतरला, बैलही रवंथ करतोय. डोकं ठिकाणावर नाही ते माझंच!

धाकट्या भावाला, दगडूला, घेऊन ढोकीला जुना बुलडोझर बघायला गेलो होतो. पावसाआधी माळ सपाट करून बांध घालायचेत, नाहीतर यंदाही पाणी वाहून जाणार. दलालानं चालू केला, लगेच धडधडला. दगडूनं खुशीत कुंकू लावून नारळसुद्धा फोडला. मी बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला.

"आत्ताच चालवला व्हय?"

"न्हाय मालक, उन्हानं तापलंय."

लिंबाच्या सावलीत उभं मशीन, त्याला ऊन कुठलं? बैल घेताना आम्ही बसलेला उठवून बघतो. म्हटलं, गार होऊ दे, मग चालू कर. शिदोरी सोडून तिथंच बसलो. उन्हं कलली, बॉनेट गार पडलं. मग दलाल घामाघूम, मशीन नुसतं खोकतंय, चालू व्हायचं नाव नाही. आम्ही यायच्या आधी मुद्दाम तापवून ठेवलेलं! माणसाला इतकं खुळं समजावं?

वर दगडू म्हणतो, "दादा, कुंकू लावलंय, आता माघारी कसं फिरायचं?"

"कुंकू लावलं म्हणून असलं नांदवायचं व्हय?" म्हणालो, आणि उपरण्यानं पुसून काढलं.

घरी हिनं लाल झालेलं उपरणं बघितलं. "दुष्काळात कुंकू पुसून आलात?"

घ्या! बॉनेट तापवणारा मोकळा, आणि अपशकुनी मी.