परतीची खूण

दि. ५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाने बोट घेतली आहे. आधी खुर्चीत बस, मग पुढे वाच. सोळा फुटी, पांढरी, मागे इंजिन. सध्या ती परसात चाकांच्या गाड्यावर उभी आहे आणि तुझी भावजय बोटीच्या काठावर पायपुसणी वाळत घालते.

तिची अट ऐक. मी एकट्याने समोरच्या दीपस्तंभापर्यंत जाऊन, कुणाची मदत न घेता परत आलो, तरच ती बोटीत पाऊल ठेवणार. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही तर बोट विकायची. निवृत्तीनंतर दोघांनी पाण्यावर फिरावं एवढ्याच हौसेने मी ती घेतली. एकटा फिरून काय करू?

तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, नकाशे तोंडपाठ आहेत. पण दुकानदाराने वाट दाखवणारी, मासे दाखवणारी इतकी यंत्रं पुढ्यात मांडली की मती गुंग झाली. तू भावोजींबरोबर जन्मभर बोटींच्या सामानाचं दुकान चालवलंस, तूच सांग काय घेऊ. मला मनातून बारा इंची पडदा आवडला आहे.

लोभ पूर्वीसारखाच असू दे, सल्ला मात्र जरा मऊ दे.

तुझा धाकटा

दि. ११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बारा इंची पडदा लावून बोट चालवणार आहेस की सिनेमा बघणार आहेस? तुझ्या बोटीला सात इंची पुरे. एकच यंत्र घे, अर्ध्या पडद्यावर नकाशा आणि अर्ध्यावर पाण्याखालचं चित्र. घेण्याआधी भर उन्हात दुकानाबाहेर नेऊन बघ, दिसतंय का. बोटं ओली करून बटणं दाबून बघ. रडारचं नाव काढू नकोस. त्यापेक्षा साधं होकायंत्र खिशात ठेव, बॅटरी गेली की तेच उपयोगी पडतं.

मासे दाखवणाऱ्या यंत्राचा खरा फायदा खोली कळते हा. मासा नाही मिळाला तर काही बिघडत नाही, पण तळ लागला तर बसशील तिथेच. आणि निघण्याआधी धक्क्यावर उभा राहून खुणेचं बटण दाब. परतताना बाण त्या खुणेकडे नेतो, पण नाकासमोर नेतो; मध्ये खडक आहे की चिखल, त्याला काही कळत नाही. म्हणून जाताना पडद्यावर ठिपके उमटत जातात, त्याच ठिपक्यांच्या वाटेने माघारी ये. हे दोनदा वाच. तुला लहानपणापासून अर्धंच ऐकायची खोड आहे.

माझा जीव तुझ्यात आहे, बोटीत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी ताई

दि. १९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सात इंचीच घेतलं, बसवूनही झालं. काल परसातच बोटीत बसून चालू केलं आणि काय सांगू! मासेच मासे. चाळीस फुटांवर तर झुंडच्या झुंड. शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. तुझी भावजय मागे उभी राहून हसत होती, का ते कळलं नाही.

रविवारी जातो. निघण्याआधी खूण करायची, हे पाठ झालं आहे. पत्र उशिरा आलं तर रागावू नकोस, मासे साफ करत असेन.

तुझा (आता दर्यावर्दी) धाकटा

दि. २ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

यांचं पत्र येणार नाही, तोंड लपवून बसलेत. म्हणून मी लिहिते.

आधी त्या माशांचं. बोट गाड्यावर, खाली परसातली फरशी, आणि यांना चाळीस फूट पाण्यात मासे दिसले! यंत्र दुकानातल्या नमुन्याच्या चित्रावर चालू होतं. माहितीपुस्तकात तिसऱ्याच पानावर लिहिलंय, पण ते पुस्तक घरात मी एकटीनेच वाचलं. शनिवारी गुपचूप सरळ करून ठेवलं.

रविवारी हे दीपस्तंभापर्यंत नीट पोचले, फोनही केला. आणि मग धुकं उतरलं. वन्सं, खरं सांगते, ती अट घातल्याचा मला इतका पश्चात्ताप झाला की हातात धरलेलं पातेलं खाली ठेवायचं सुचेना. तासभर जीव नुसता टांगणीला. मग मागच्या खिडकीतून ओळखीचं खोकणं ऐकू आलं. बघते तर घरामागच्या खाडीच्या चिखलात बोट रुतलेली आणि हे तीत उभे. धक्का तिथून अर्धा मैल लांब! पाणी उथळ झालं म्हणून यंत्र मघापासून कोकलत होतं. यांना वाटलं मासे आले, म्हणून यांनी गळ टाकला होता.

यंत्र उघडून पाहिलं तर खूण एकच, आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी. बोट परसातून हलवण्याआधीच यांनी बटण दाबलेलं. मी चांगलं झाडलं, वन्संनी धक्क्यावर दाबायला सांगितलं होतं ना म्हणून. तर गुडघाभर चिखलाने माखलेले हे म्हणाले, की धक्क्यावर माझं कोण आहे, परत यायचं ते तुझ्याकडेच ना.

चाळीस वर्षांत असं एक वाक्य बोलले नव्हते. मी पाठ फिरवून घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

आता अट म्हणजे अट. कुणाची मदत न घेता परत आले, तेही थेट दारापर्यंत. त्यामुळे काल मी बोटीत बसले. धक्क्यावरची खूण मी केली. यंत्र माझ्याकडे, सुकाणू यांच्याकडे. ठिपक्यांच्या वाटेने माघारी आलो, मासा एकही नाही. घरी आल्यावर विचारलं, ती जुनी खूण पुसून टाकू का, तर नको म्हणाले. मीही पुसली नसतीच.

तुमचा लोभ आम्हा दोघांवर राहू दे, आणि एकदा या. बोटीत तुमची जागा माझ्या शेजारी राखून ठेवली आहे.

तुमची भावजय